‘मोर ब्युटिफुल’ चालतं, मग ‘मोर टॉलर’ का नाही?

ताई, तुमचा मुलगा विचारतोय की ‘मोर ब्युटिफुल’ बरोबर तर ‘मोर टॉलर’ला टीचर लाल गोल का करतात, आणि तुम्ही म्हणताय नियम पाठ करून घेतले तरी परत तेच लिहितो. मी इथे इंदूरच्या रामबागेत बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्यात म्हणून सांगतो, ही चूक आळसाची नाहीये, ती मराठीतून येते, आणि इंदूरच्या पोराला तर डबल येते कारण घराबाहेर हिंदीतही तोच कारभार.

बघा ना, आपण विशेषणाला हातच लावत नाही. राजू उंच, राजू मोनूपेक्षा उंच, राजू सगळ्यांत उंच. ‘उंच’ जसाच्या तसा, सगळी हमाली ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यांत’ करतात, हिंदीत ‘से’ आणि ‘सबसे’. इंग्रजीत नुसतं ‘दॅन’ टाकून भागत नाही. मग पोरं एकतर ‘राजू इज टॉल दॅन मोनू’ लिहितात, नाहीतर मनात ‘जास्त उंच’ असतं म्हणून ‘मोर’ पण लावतात आणि ‘टॉलर’मधला ‘अर’ पण. त्याला एवढंच सांगा की ‘अर’ म्हणजेच जास्त आणि ‘मोर’ म्हणजे पण जास्त, एका प्लेट पोह्यांचे पैसे दोनदा कोण देतं?

आता गंमत. त्याला जवळच्या एखाद्या सरकारी शाळेची पाटी वाचायला लावा, ‘शासकीय उच्चतर माध्यमिक विद्यालय’. महाराष्ट्रात नुसतं ‘उच्च माध्यमिक’ लिहितात, आपल्या एमपीत ‘उच्चतर’. हा ‘तर’ म्हणजे कम्पॅरेटिव्हच की, म्हणजे ‘त्यापेक्षा जास्त’ सांगणारं रूप, हायर सेकंडरीतला ‘हायर’! आणि लसावितला ‘लघुतम’, मसावितला ‘महत्तम’, ते सुपरलेटिव्ह, म्हणजे ‘सगळ्यांत’ वालं रूप. आपला ‘तारतम्य’ शब्दसुद्धा ह्याच ‘तर’ आणि ‘तम’पासून बनलाय. संस्कृतात अजून एक शेपटी होती, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ ह्यांच्यातली ‘इष्ठ’, ती आणि ‘टॉलेस्ट’मधला ‘एस्ट’ मुळात एकाच घराण्यातले, लांबचे चुलतभाऊ म्हणा. म्हणजे शेपटी लावणं आपल्याला परकं नाही, रोजच्या बोलण्यातून गेलं इतकंच. आणि हो, ‘उत्तम’मध्ये ‘तम’ आधीच बसलाय तरी आपण ‘सर्वोत्तम’ म्हणतोच, त्यामुळे पोरावर फार चिडू नका.

शेपटी कुठे आणि ‘मोर’ कुठे, हे कानाने ठरवायचं. शब्द म्हणताना टाळी वाजवायला लावा. टॉल, बिग, क्लीन, एक टाळी, शेपटी लावा. ब्यु-टि-फुल, एक्स-पेन-सिव्ह, तीन टाळ्या, तिथे मोर-मोस्ट. दोन टाळ्यांवाले जरा वांड असतात, शेवटी वाय असेल तर त्याचा आय करून शेपटी, जसं हॅपीचं हॅपियर, बाकीचे बरेचसे ‘मोर’ घेतात, मोर फेमस, मोर केअरफुल, आणि सिम्पल, क्लेव्हर अशांना दोन्ही चालतं. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट मात्र पाठच करायचे, तिथे अक्कल चालवून उपयोग नाही.

सुपरलेटिव्हला इंदूर स्वतःच उदाहरण. ‘इंदूर इज द क्लीनेस्ट सिटी इन इंडिया’, ‘द’ विसरायचा नाही आणि ‘ऑफ इंडिया’ नाही, ‘इन इंडिया’. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून पहिला नंबर आपलाच होता, मग २०२३च्या यादीत सुरतसोबत वाटून घ्यावा लागला, म्हणजे एका वर्षात सिटीची सिटीज झाली! ‘वन ऑफ द’ लावलं तरी सिटीजच लागतं. ‘वन ऑफ द बेस्ट स्कूल’ असं मोठमोठ्या होर्डिंगवर वाचलंय मी, त्यामुळे पोरं तरी काय करणार.

अजून एक बारीक खोच, मला स्वतःला ही फार आवडते. कळसूबाई १६४६ मीटर, पचमढीचा धूपगड साधारण १३५० मीटर, दोघं आपापल्या राज्यात सगळ्यांत उंच. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहिलं तर चूक, कारण कळसूबाई पण महाराष्ट्रातच, ती स्वतःपेक्षा उंच कशी होणार, म्हणून ‘एनी अदर पीक’. पण ‘हायर दॅन एनी पीक इन मध्य प्रदेश’ एकदम बरोबर, तिथे ‘अदर’ नको. मराठीत ‘सगळ्या शिखरांपेक्षा उंच’ म्हटलं की ऐकणारा स्वतःच समजून घेतो, म्हणून आपल्याला हे खटकतच नाही.

‘व्हेरी’चं पण बघून घ्या. मी पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत ‘माय इंग्लिश इज व्हेरी बेटर नाउ’ म्हणून आलोय, समोरचे साहेब हसले पण नाहीत, नुसतं खाली बघून काहीतरी लिहिलं. ‘मच बेटर’ पाहिजे होतं. ‘सीनियर’ला ‘दॅन’ नाही ‘टू’ लागतं ते सावकाश येईल, आत्ता नको.

वही बाजूला ठेवा आणि रविवारी त्याला छप्पन दुकानला, आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, घेऊन जा. समोर जे दिसेल त्याच्यावर दहा वाक्यं, कचोरी स्पायसियर की समोसा, कोणतं दुकान मोर क्राउडेड, आणि ‘मोर स्पायसियर’ म्हणाला की त्याच्या प्लेटमधला एक घास तुमचा.