तुमचे प्रश्न : बिस्किट दाखवून पोराला शिकवतात, हे बरोबर आहे का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान होऊन ५ महिने झाले. बोलत नाही, मनासारखं झालं नाही की जमिनीवर पडून डोकं आपटतो. मागच्या रविवारी मेनरोडला चपला घ्यायला नेलं तर दुकानासमोरच सुरू झालं, माणसं गोळा झाली, एक बाई म्हणाल्या दोन ठेवून द्या गप बसेल. शेवटी रिक्षा करून घरी आलो, रिक्षात बसल्या बसल्या शांत. डॉक्टरांनी बिहेवियर थेरपी सांगितलीय आणि सेंटरवाले म्हणतात आठवड्याला ४० तास पाहिजेत, मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला, एवढे तास आणि पैसे आणायचे कुठून? आणि सासूबाई म्हणतात कुत्र्याला शिकवतात तसं पोराला बिस्किट दाखवून शिकवतात. खरं सांगू का, मलाही आतून तसंच वाटतं.
— एक आई, सिडको

उत्तर : सासूबाईंना वेड्यात काढू नका, लहानपणी ही थेरपी घेतलेले आणि आता मोठे झालेले कितीतरी ऑटिस्टिक लोक हेच बोलतात. ४० तासांचा आकडा आला कुठून ते पण सांगते. अमेरिकेत लोवास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८७ साली लिहिलं की आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जण नेहमीच्या शाळेत पहिली पास झाले. आकडा जगभर गेला, पण तुलनेसाठी केलेले मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि शिकवताना जोरात ओरडणं, कधी मांडीवर चापट मारणं हेही त्यात होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. चापट आता चालत नाही, चालू पण देऊ नका. आणि २०२४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तर जास्त तास म्हणजे जास्त फायदा असं काही ठामपणे दिसलं नाही, म्हणून ४० तास जमत नाहीत याचं ओझं आधी डोक्यावरनं उतरवा.

आता थेरपीत करतात काय, तर तुमचं मेनरोडचंच घ्या. गर्दी, हॉर्न, दुकानात ताटकळणं, हे झालं आधीचं. मग डोकं आपटणं. आणि नंतर काय झालं, रिक्षा आली, घरी गेलो. तुम्हीच लिहिलंय की रिक्षात बसल्यावर शांत. म्हणजे बहुतेक तो म्हणत होता की मला इथून न्या, फक्त ते म्हणायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. चांगला थेरपिस्ट आधी, मधे, नंतर असं १०-१५ दिवस वहीत लिहून घेतो, कारण तेच आपटणं कधी खाऊसाठी असतं, कधी लक्ष वेधायला, कधी कान किंवा दात दुखत असतो (तेवढं डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या). कारण कळलं की त्याच कामासाठी सोपी वाट शिकवायची, म्हणजे घराच्या फोटोचं कार्ड, नाहीतर तुमचा हात ओढून दाराकडे बोट. आणि सुरवातीला कार्ड दिलं रे दिलं की खरंच निघायचं, चपला राहिल्या तर राहिल्या. थांबायला नंतर शिकवता येतं, आधी दोन मिनिटं मग पाच.

लोक काय करतात, नुसतं दुर्लक्ष करा म्हणतात. त्याने आधी आपटणं वाढतं, मग घाबरून आपण खाऊ देतो आणि पोर शिकतं की जास्त जोरात आपटलं की मिळतं. डोकं आपटण्याच्या बाबतीत तर नुसतं दुर्लक्ष नकोच, डोक्याखाली हात नाहीतर उशी घाला, ओरडू नका, समजावत बसू नका.

बिस्किटाचं म्हणाल तर फरक इथे आहे. तो टेबलावरचे ठोकळे लावतो म्हणून बिस्किट, याला सासूबाईंचं वाक्य लागू पडतं. पण त्याला द्राक्षं आवडतात, त्याने द्राक्षाचं चित्र दिलं आणि द्राक्ष मिळालं, हे तर बोलणंच झालं की! (द्राक्ष उभं चिरून द्या, अख्खं घशात अडकतं.) झोका, पाण्याशी खेळणं, गुदगुल्या, सगळ्यावर असं मागायला शिकवता येतं, आणि हे घरी आंघोळ जेवण करता करता होतं, त्याला वेगळे तास लागत नाहीत. म्हणून सेंटरला पहिला प्रश्न हा की मला शिकवाल का. आईला आत बसू देत नाहीत, ६ महिन्यांत बरा करतो म्हणतात, हनुवटी धरून डोळ्यात बघायला लावतात, नुसते हात फडफडवतो म्हणून थांबवत बसतात, अशा ठिकाणाहून मी तर उठून येईन. हात फडफडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पैशाचं : सिव्हिल हॉस्पिटलला लहान मुलांच्या तपासणी आणि थेरपीची चौकशी करा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीलाही ठराविक रक्कम आहे. हेलपाटे होतील, झेरॉक्सचा गठ्ठा सोबत ठेवा.

प्रश्न : नात ६ वर्षांची, ऑटिझम आहे. ढोल वाजला की कान झाकून किंचाळते. मुलगा म्हणतो मिरवणुकीत नेऊन उभी करा, सवय होईल. नेऊ का?
— आजोबा, पंचवटी

उत्तर : नका नेऊ आजोबा. नाशिकचा ढोल आपल्यालाच छातीत वाजतो, तिचं काय होत असेल. सवय लावतात ती अशी : मोबाईलवर अगदी बारीक आवाजात ढोल, तो बंद करायचं बटण तिच्या हातात. ते जमलं की थोडा मोठा, मग कधीतरी लांबच्या गच्चीवरून खरा, कानाला आवाज अडवणारे हेडफोन लावून, आणि तिने खूण केली की लगेच आत. महिने लागतील, एखादं वर्ष मिरवणूक चुकली तर चुकू द्या. आणि कानावरचे तिचे हात ओढून काढू नका, आवाज थांबला की ती आपणच खाली घेते, बघा तुम्ही.