मेकॅनिकल झालं, आता सॉफ्टवेअर की कॅड-कॅम?

पदवीचे निकाल जवळ आले की आमच्याकडे बेळगावात करिअरचा सल्ला विचारायला येणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. पोरगं मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असतं, घरात एम.टेक.चं बोलणं चाललेलं असतं आणि आई-वडील विचारतात, "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग घेऊ दे की कॅड-कॅम?" कॅड-कॅम म्हणजे संगणकावर भागाचं डिझाइन करणं आणि त्यावरून मशीन चालवणारा प्रोग्रॅम तयार करणं. या गावात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. एका बाजूला उद्यमबाग आणि मच्छे, तिथल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने, आणि पलीकडे हत्तरगीला विमानाचे सुटे भाग करणारा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. दुसऱ्या बाजूला गल्लीतलं कुणी ना कुणी बंगळूर नाहीतर पुण्याच्या आयटीत असतंच, आणि दिवाळीला ते गाडी घेऊन येतं.

अशाच एका बाप-लेकाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव खानापूर रस्त्यावरचं. वडील उद्यमबागेत मशीनिस्ट. आधी साधा लेथ, मग सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन, आता व्हीएमसी, म्हणजे त्यातलंच उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन. मुलगा मेकॅनिकलच्या आठव्या सेमिस्टरला. खुर्चीत बसता बसताच वडील म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा की ओ ह्याला. मी जन्म काढलो त्या तेलात. ह्यानं तरी स्वच्छ जागी बसून काम करू दे. सॉफ्टवेअरच करू दे." मुलगा खाली मान घालून बसला होता.

"तुला काय आवडतं?" असं मी वडिलांसमोर विचारत नाही. मुलं घरच्यांना बरं वाटेल ते उत्तर देतात. मी विचारलं, "मार्कांचा संबंध नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, अलीकडे कशात रात्र घालवलीस?"

थोडा वेळ गेला आणि मग तो बोलायला लागला. सुट्टीत तो एका छोट्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये जात होता. गिऱ्हाइकानं पेनड्राइव्हवर प्रोग्रॅम पाठवला होता. व्हीएमसीवर लावला की पहिल्याच गोलाईवर मशीन अलार्म देऊन थांबायचं. मालक म्हणाले, फाईल खराब आहे, परत मागवू. यानं ती नोटपॅडमध्ये उघडली. जी-०२, म्हणजे गोलाईत फिरण्याची आज्ञा, पुढं एक्स, वाय, म्हणजे गोलाई संपते तो बिंदू, आणि मग आय, जे. त्या मशीनला आय आणि जे म्हणजे गोलाईच्या सुरुवातीपासून केंद्र किती लांब, ते अंतर लागतं. फाईलीत मात्र केंद्राचे जॉबच्या, म्हणजे कापायच्या भागाच्या, शून्यापासूनचे आकडे होते. म्हणजे कॅमचा पोस्ट-प्रोसेसर, मशीनला कळतील अशा ओळी तयार करणारा प्रोग्रॅम, दुसऱ्याच कंट्रोलरचा, म्हणजे मशीनच्या संगणकाचा, लावला होता. सुरुवातीला तो कॅल्क्युलेटर घेऊन एकेक ओळ दुरुस्त करत बसला, पण गोलाया शेकड्यांनी होत्या. मग पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक आय-जेमधून सुरुवातीचा बिंदू वजा करणारा. टूल वर उचलून आधी हवेत चालवून बघितलं, आणि मगच जॉब लावला.

"झालं की मग!" मी म्हटलं.

"नाही सर. बोअर मोजलो तर चाळीस मायक्रॉन मोठा. तेच डोक्यात बसलं. अजून कळलं नाही." बोअर म्हणजे कापलेलं गोल भोक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

इतका वेळ भिंतीकडे बघत बसलेले वडील वळले. "कटर नवा घातलास न्हवं? ऑफसेट बघितलास काय?"

मग पुढची दहा मिनिटं मी त्या खोलीत नव्हतोच म्हणायचं. त्यांनी माझ्या टेबलावरचा पाठकोरा कागद ओढला आणि वर्तुळ काढून समजावलं. आधीचा कटर धार लावून बारीक झालेला असणार, म्हणून कुणीतरी मशीनमध्ये रेडियस ऑफसेट, म्हणजे कटरची त्रिज्या, ७.९८ मिलिमीटर भरला असणार. नवा कटर सोळाचा, म्हणजे रेडियस पुरा ८. मशीनला वाटतंय कटर बारीक आहे, म्हणून ते तेवढं बाहेरून फिरतंय. दोन्ही अंगाला वीस-वीस मायक्रॉन, झाले चाळीस. मुलगा कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही हे कधी सांगितला नाही मला."

"तू कधी विचारलास?"

जाता जाता मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली, जरा वैतागून. तो पायथन प्रोग्रॅम त्यानं कॉम्प्युटर सायन्सला असलेल्या मैत्रिणीला पाठवला होता. "ती नुसत्या चुका काढत बसली, सर. म्हणे, फाईल जी-९१मध्ये, म्हणजे प्रत्येक अंतर आधीच्या बिंदूपासून मोजणारी, असली तर तुझा सुरुवातीचा बिंदूच चुकतो. म्हणे, आय-जेच्या जागी आर, म्हणजे त्रिज्या, दिला असला तर काय करतोस? पुढच्या ओळीत जी-०२ परत लिहिलेलाच नसतो, ते धरलंस काय? माझ्या फाईलीत ह्यातलं काहीच नव्हतं की!"

मला जे बघायचं होतं ते इथं दिसलं. काम एकच. ते झाल्यावर याला बोअरनं झोपू दिलं नाही, आणि तिला उरलेल्या सगळ्या फाईलींनी. एम.टेक. निवडताना मी मार्क, पगार, मित्र कुठं चाललेत हे सगळं ऐकून घेतो, पण सगळ्यात जास्त वजन या गोष्टीला देतो: काम चालू झाल्यावरही मुलाच्या डोक्यात कोणता प्रश्न उरतो.

पालकांचा एक मोठा गैरसमज इथं दूर करायला हवा. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं एम.टेक. म्हणजे कोडिंगचा लांबलेला क्लास नव्हे. कोडिंग येतं असं धरूनच तो अभ्यासक्रम सुरू होतो. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते काढून घेणं, मोठ्या सॉफ्टवेअरची रचना, चाचणी, बदलांचा हिशेब ठेवणं, वर्षानुवर्षांची देखभाल, खर्चाचा आणि वेळेचा अंदाज, हे त्याचे विषय. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथं नाटोच्या पुढाकारानं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर जी परिषद झाली, तिथली चिंताही हीच होती. मोठी सॉफ्टवेअर वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका राहून जात होत्या.

आणि कॅड-कॅमचं एम.टेक. म्हणजे तीन महिन्यांच्या ड्रॉइंग क्लासची मोठी आवृत्तीही नव्हे. क्लासमध्ये कोणतं बटण दाबायचं ते शिकवतात. इथं त्या बटणामागचं गणित असतं. अमेरिकेत एमआयटीनं १९५२ मध्ये पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, त्यामागे विमानाच्या भागांच्या वक्र आकारांची अडचण होती. पुढं रेनो मोटार कंपनीतल्या पिअर बेझिए यांचे वक्र आले. आजही पहिल्या सेमिस्टरला त्याच वक्रांशी झटावं लागतं. शिवाय सीएनसी, प्रोसेस प्लॅनिंग, फायनाइट एलिमेंट (भागाचे बारीक तुकडे करून त्यावरचा ताण काढण्याचं गणित), रोबोटिक्स, मोजमापशास्त्र. गणिताला घाबरून कुणी सॉफ्टवेअरकडून इकडे येत असेल तर इथंही गणित टळत नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

वडिलांना मी खोटा दिलासा दिला नाही. आपल्या भागातल्या शॉपमध्ये सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बऱ्याचदा कमी असतो, हे खरं आहे. आयटीची भरतीही कमी-जास्त होते, हेही त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेलं होतं. त्यांचा खरा प्रश्न पगाराचा नव्हताच. कूलंटनं चरे पडलेली बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. "हे नको, एवढंच." मी म्हटलं, कॅम प्रोग्रॅमर मशीनजवळ जातो, जायलाच हवं, पण त्याचा बराच दिवस संगणकासमोर जातो. तेव्हा कुठं ते जरा सैल झाले.

मग व्यवहाराचं बोललो. मेकॅनिकलच्या मुलाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला सगळीकडे प्रवेश मिळत नाही. कोणत्या शाखेची पदवी चालते ते प्रत्येक ठिकाणी आधी वाचावं लागतं. खरोखर सॉफ्टवेअरकडेच वळायचं असेल तर दोन वर्षांचं एमसीए, म्हणजे संगणक उपयोजनातली पदव्युत्तर पदवी, हा मेकॅनिकलवाल्याला सरळ रस्ता आहे. कर्नाटकात एम.टेक.साठी पीजीसीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा असते आणि देशभरासाठी गेट. गेट फेब्रुवारीत होते, गुण तीन वर्षं चालतात, मेकॅनिकलबरोबर उत्पादन आणि औद्योगिक अभियांत्रिकीचाही वेगळा पेपर असतो. गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. केलं तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती आहे. हा आकडा ऐकल्यावर वडिलांनी तो कागदावर लिहून घेतला. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद असते. ती कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या कागदपत्रांवर मिळते, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं, ओळखीच्या सांगण्यावर जायचं नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, असं मी सगळ्यांनाच सांगतो. प्रयोगशाळेतलं मशीन चालू आहे की झाकून ठेवलंय, त्यावर विद्यार्थी स्वतः जॉब लावतात का, आणि दुसऱ्या वर्षीचे प्रकल्प कारखान्यात होतात की नुसते अहवालात, हे विचारा. एम.टेक.चं दुसरं वर्ष बहुतेक प्रकल्पातच जातं. तो पोकळ निघाला तर पदवीपलीकडे हाती काही लागत नाही.

इंग्रजीची भीती त्यालाही होती. दहावीपर्यंत मराठी शाळा. जी-कोड आणि बोअर याबद्दल तो माझ्याशी ज्या हिमतीनं बोलला, तेच तोडक्यामोडक्या इंग्रजीत रोज वहीत लिहायला लावलं. तेवढं पुरलं.

त्यानं लगेच एम.टेक. घेतलं नाही. वर्षभर मच्छेच्या एका शॉपमध्ये कॅम प्रोग्रॅमिंग केलं, संध्याकाळी गेटचा अभ्यास केला आणि उत्पादनाचा पेपर दिला. आता मॅन्युफॅक्चरिंगच्या एम.टेक.ला आहे, शिष्यवृत्ती मिळते. वडिलांच्या मनातून आयटी पूर्ण गेलेलं नाही, तशी माझी अपेक्षाही नव्हती.

पुढं त्याची ती मैत्रीणही आली, निपाणीकडची. तिला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच करायचं होतं, पण अडकली होती वेगळ्याच ठिकाणी. "सर, मला मशीनमधलं काही येत नाही. पण असल्या फाईलींचं काम मला खूप आवडलं. सॉफ्टवेअरवाल्याला असं काम मिळतं काय?"

मिळतं. कॅमची सॉफ्टवेअर आणि कंट्रोलरच्या आतले प्रोग्रॅम कुणीतरी लिहितं, तपासतं, वर्षानुवर्षं सांभाळतं. तिला म्हटलं, फ्रीकॅड हे कॅड-कॅमचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातले पोस्ट-प्रोसेसर पायथनमध्येच लिहिलेले आहेत आणि कुणालाही उघडून वाचता येतात. एक उघड आणि मित्राच्या फाईलीत काढल्यास तशा चुका त्यात शोध. एम.टेक.च्या प्रकल्पाचा विषय त्यातच सापडेल. मशीन लागेल तेव्हा मित्राच्या वडिलांना विचार.

त्यांना विचारलेलं आवडतं.