इख चढतं का भिनतं?

एका ताईचा प्रश्न आहे, आजी म्हणते इख चढलं, आई म्हणते इख भिनलं, पुस्तकात विष, मग बरोबर काय आणि इख हा अशुद्ध शब्द आहे का.

इख अजिबात अशुद्ध नाही. विषमधला ष बोलता बोलता ख झाला, विख झालं (विखारीमधे तो ख अजून बसलेलाच आहे), आणि आपल्या वऱ्हाडीत सुरुवातीचा वि आला की व गळतो, विहिरीची इहीर, विळ्याचा इळा, विचाराचा इचार, तसंच विखाचं इख. शाळेत यावरून मार खाल्लेली पोरं आहेत आपल्याकडे, फार वाईट वाटतं.

पण माझा जीव अडकलाय तो क्रियापदांत. चढणं हे मूळ सापाचं. परड, म्हणजे पुस्तकातली घोणस, चावली की सूज घोट्यावरून पोटरीला, पोटरीवरून मांडीला जाते, डोळ्यांना दिसते, म्हणून चढलं. पण त्याच विषाने आत रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं, किडनी बसते, ते काही कोणाला चढताना दिसत नाही. मण्यारचं तर त्याहून कठीण. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, बहुतेक वेळा सूजही नाही, पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास. घरचे म्हणतात इख चढलंच नाही, अपचन असंल. आणि चढतं म्हटलं की ते अडवायला दोरी करकचून बांधतात, दोरीने विष काही थांबत नाही, पायाचा रक्तपुरवठा मात्र थांबतो. चढण्याची जोडी उतरवणं, म्हणून मग उतरवणाऱ्याकडे नेतात आणि वेळ तिथंच जातो. पाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा, तिथली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषावर चालते.

भिनणं वेगळं. तेल लाकडात भिनतं तसं, गाजावाजा न करता आत जाणं. हा शब्द मला कळला तो २०१७ च्या फवारणीत, ज्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त माणसं गेली. कपाशी छातीच्या वर, काकांच्या पाठीवरचा पंप गळका, शर्ट पाठीला चिकटलेला, तसेच दिवसभर फवारत राहिले. संध्याकाळी ओट्यावर बसले तर घामाच्या धारा, तोंडातून लाळ, दंडाचं मांस आपोआप फुरफुरतंय आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. काकू एकच धरून बसली, "अवो पन त्यायनं थेंबबी पेला नाई, मंग इख चढलं कसं?"

चढलं नव्हतं, भिनलं होतं, कातडीतून. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक होतं ते. आपल्या नसांमधे निरोप पोचवायला एक रसायन सुटतं आणि निरोप पोचला की एक एन्झाइम ते पुसून टाकतं, हे विष त्या एन्झाइमलाच बांधून टाकतं, मग निरोप थांबतच नाही, घाम लाळ सुरूच राहते, स्नायू फडफडून थकतात, छातीत पाणी भरल्यासारखं होऊन श्वास अडतो. त्यावर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात. आता बघा, हेच अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं, म्हणून धोतरा खाल्लेल्याचं सगळं उलटं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, बडबड. (डॉक्टर मोजून देतात, घरी धोतऱ्याच्या वाटेला जायचं नाही.)

दवाखान्यात मी घाबरून बोललो, "औषधानं झालं". तिथल्या माणसाने रजिस्टरमधे लिहिलं, औषध घेतलं. आपल्या गावात औषध घेतलं याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे, काकांनी जीव द्यायला घेतलं असं धरून पुढचा तासभर काकूला घरात भांडण झालं का, कर्ज किती हेच विचारलं. काका वाचले, पण काकूच्या मनातून तो तास काही गेला नाही.

म्हणून मला औषध हा शब्द कीटकनाशकासाठी पटत नाही. काही डब्यांवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे अतिविषारी, आणि आपण दुकानात म्हणतो औषध द्या, मग ते हाताने कालवतो, त्याच हाताने भाकर खातो. आजीचा शब्द इथे जास्त खरा आहे, इख म्हटलं की हात आपोआप मागे येतो. दवाखान्यात सांगताना तर नक्कीच "फवारताना अंगात भिनलं" असं सांगा, अंगावरचे कपडे आधीच काढा, अंग साबणाने धुऊन मग माणसाला न्या आणि डबा नाहीतर त्याचं लेबल सोबत ठेवा.

तर ताई, मला वाटतं तुझी आजी सापाचं बोलत असावी आणि आई फवाऱ्याचं, दोघींचंही बरोबर. आईला एकदा विचार ती कोणाबद्दल बोलत होती.