हर्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात नवीन कार्ड चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? त्या कार्डाभोवती डेक (खेळायला घेतलेला कार्डांचा संच) बांधावा का?

आधी कार्डावरचा मजकूर झाका आणि नुसते आकडे बघा. 4 मानाला (माना म्हणजे कार्ड खेळायची किंमत) 4/5, म्हणजे हल्ला 4 आणि आयुष्य 5, हे साधं माप. त्याच किमतीत 3/3 मिळत असेल, तर राहिलेल्या 3 अंकांची भरपाई मजकुरानेच करायला हवी. "मैदानात येताच एक कार्ड घ्या" ही भरपाई रोख. "पुढच्या टर्नपर्यंत टिकलं तर..." ही उधारी, आणि समोरचा ती सहसा वसूल होऊ देत नाही.

मग विचारा: मी मागे पडलोय आणि हेच हाती आलं, तर? जिंकताना सगळीच कार्डं भारी वाटतात (ट्रेलरमध्ये तर हमखास).

डेक 30 कार्डांचा, एका कार्डाच्या जास्तीत जास्त 2 प्रती. तुम्ही पहिले खेळलात आणि सुरुवातीची कार्डं बदलली नाहीत, तर चौथ्या टर्नपर्यंत 7 कार्डं दिसतात. दोनपैकी एक तरी प्रत त्यात असण्याची शक्यता जेमतेम 42 टक्के. दोन विशिष्ट कार्डं जुळली तरच चालणारा कॉम्बो म्हणूनच कागदावर गोड दिसतो. नवीन कार्ड आलंच नाही तरी उरलेली 28 लढतील असा डेक लावा.

कार्ड लेजेंडरी (सर्वांत दुर्मिळ प्रकारचं) असेल तर थोडं थांबाच. बनवायला 1600 डस्ट (कार्डं बनवायचं खेळातलं चलन) लागते, मोडल्यावर 400च परत मिळते.