‘खोटा संदेष्टा’मध्ये खोटं नेमकं काय?

प्रश्न असा: बायबलमध्ये ज्यांच्यापासून जपून राहायला सांगितलंय ते ‘खोटे संदेष्टे’ म्हणजे ज्यांची भाकितं चुकतात ते का? तसं असेल तर जुना ‘भविष्यवादी’ हाच शब्द जास्त नेमका नाही का?

नाही. घोळ ‘भविष्यवादी’मुळेच होतो. त्या शब्दात सगळा भर पुढचं सांगण्यावर पडतो. ‘संदेष्टा’ आला सम् + दिश् यावरून, निरोप सांगणारा. तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो, निरोप कुणाचा? खोटेपणा तिथे आहे.

बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातला, २८व्या अध्यायातला हनन्या बघा. यहूदाच्या सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, मंदिरात सगळ्यांसमोर तो सांगतो की बाबेलच्या राजाने लुटून नेलेली मंदिराची पात्रं दोन वर्षांत परत येतील. बाबेलच्या अधीन राहा, याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जू काढून मोडूनही टाकतो. दोन वर्षं भरायची कुणी वाट बघत नाही. यिर्मया त्याला तोंडावर सांगतो: परमेश्वराने तुला पाठवलेलं नाही. सातव्या महिन्यात हनन्या मरतो. गंमत म्हणजे मूळ हिब्रूत त्यालाही नुसतं ‘नावी’च, म्हणजे संदेष्टाच, म्हटलंय, यिर्मयाला म्हणतात तसंच. ‘खोटा’ हा भाग जुन्या ग्रीक भाषांतरात आला: ‘स्यूडोप्रोफेटेस’. मत्तय ७:१५ मध्ये, मेंढराच्या वेषातल्या लांडग्यांच्या इशाऱ्यात, हाच ग्रीक शब्द आहे.

भाकिताची कसोटी आहेच, बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, १८:२२ मध्ये: बोललेलं घडलं नाही, तर तो बोल परमेश्वराचा नव्हे. पण ती उलटी लावता येत नाही, आणि लोक फसतात ते नेमके इथे. अनुवाद १३ स्पष्ट सांगतं की चिन्ह खरं ठरलं तरी, तो माणूस अन्य देवांमागे चला म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे भाकीत खरं ठरलेला माणूसही खोटा संदेष्टा असू शकतो. ‘खोटा भविष्यवादी’ म्हटलं की हा अर्थ जवळजवळ हरवतोच.

‘खोटे प्रेषित’ (२ करिंथ ११:१३) मात्र वेगळे. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘प्रेषित’ म्हणजे येशूने पाठवलेले पेत्र, पौल वगैरे. इस्लामविषयक मराठीत तोच शब्द पैगंबरांसाठी येतो. संदर्भ बघूनच वापरावा.

लिहिताना ‘ष्ट’, ‘ष्ठ’ नव्हे. रूपं ‘नेता’सारखी: संदेष्टे, संदेष्ट्याने, संदेष्ट्यांविषयी.