सात माणसांचं घर, पाच डबे आणि नोकरी: सकाळची धावपळ कमी कशी करायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरात सात माणसं. तुम्ही दोघं, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी, सासू-सासरे आणि दीर. रोज पाच डबे लागतात. मुलाची बस ७:१० ला, मुलीची व्हॅन ८:२० ला, तुम्ही पावणेनऊला घराबाहेर. न्हाणीघर एकच. पाचला उठूनही पुरत नाही, तर साडेचारला उठावं का?

उठू नका. साडेपाचला उठलात तरी होईल. झोप कमी करून मिळालेला अर्धा तास आठवडाभरात कुठे जातो ते कळतही नाही, कारण सकाळचं घोडं अडतं ते एकाच जागी, तव्यावर. भाजी एकीकडे शिजते, कुकर आपला आपण शिट्ट्या देतो, पण पोळीला माणूस उभं राहावंच लागतं. पाच डब्यांचा हिशेब करा. नवरा आणि दीर चार-चार, तुम्ही तीन, मुलगा दोन, मुलगी दोन, म्हणजे पंधरा. सराईत हातालाही लाटून-भाजून एका पोळीला दीड ते दोन मिनिटं लागतात. म्हणजे साधारण अर्धा तास तव्यापुढून हलायचं नाही. या अर्ध्या तासात कोणी मोजे मागायला आलं, दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं लागलं, भेंडी चिरायची राहिली असली की अर्ध्याचा पाऊण तास होतो. तेव्हा बाकीची सगळी आखणी या अर्ध्या तासाभोवती करायची.

आधी कणीक. अर्धा किलो कणकेला साधारण ३०० ते ३३० मिली पाणी लागतं. चक्कीवरून ताजं दळून आणलेलं पीठ थोडं जास्त पाणी पितं. यात मध्यम आकाराच्या अठरा-एकोणीस घडीच्या पोळ्या होतात, म्हणजे डब्याच्या पंधरा निघून घरच्यांसाठी तीन-चार गोळे उरतात. कणीक रात्री भिजवायची असेल तर नेहमीपेक्षा घट्ट भिजवा. रात्रभरात ती सैल पडते, आणि रात्री मऊ वाटलेली कणीक सकाळी पोळपाटाला चिकटते. मग पिठी जास्त लागते, पिठी जास्त लागली की पोळी कोरडी होते, आणि एकच्या सुट्टीपर्यंत वातड. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. नुसती ताटलीने झाकली तर वरचा थर सुकतो आणि काळपट पडतो. खायला हरकत नसते, पण मुलं नाकं मुरडतात. दुसऱ्या दिवशीच संपवा, चोवीस तासांनंतर आंबूस वास यायला लागतो. सकाळी उठल्या उठल्या कणीक बाहेर काढायची आणि अर्ध्या तासाने लाटायची. गार कणीक ताणली जात नाही, लाटणं दाबावं लागतं आणि पदर सुटत नाहीत.

तवा मंद ठेवू नका. बऱ्याच जणी करपेल म्हणून आच कमी ठेवतात. मग पोळी तव्यावर जास्त वेळ राहते, त्यातलं पाणी उडून जातं आणि ती कडक होते. तवा आधी नीट तापवून घ्या, आच मध्यमहून थोडी मोठी ठेवा. पिठीचे कण तव्यावर लगेच काळे पडायला लागले तर मात्र तो जास्त तापलाय. चार-पाच पोळ्यांनंतर जळकी पिठी फडक्याने पुसून टाका, नाहीतर पुढच्या प्रत्येक पोळीला काळे ठिपके लागतात. सगळ्या पंधरा पोळ्या एकदमच उरकाव्यात असं माझं मत आहे. दोनदा तवा तापवायचा, दोनदा पिठी सांडायची, दोनदा ओटा पुसायचा, यात वेळ वाचत नाही. उरलेले गोळे सासूबाईंना जमत असेल तर अकरा-साडेअकराला त्या दोघांपुरते गरम लाटतील.

आता भाजी. डब्यात एक वाटी भाजी म्हणजे कच्ची साधारण सव्वाशे ग्रॅम धरा. पाच डब्यांना भेंडी किंवा गवार सहाशे-साडेसहाशे ग्रॅम, कोबी पाऊण किलो. चिरणं-निवडणं रात्रीच, पण प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा. भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसून चिरायची आणि तळाशी सुती फडकं घातलेल्या डब्यात ठेवायची. ओलावा राहिला तर सकाळपर्यंत तार सुटते. मेथी फक्त निवडून कापडात गुंडाळून ठेवा, धुवायची सकाळीच, रात्री धुतलेली पानं काळी पडतात. बटाटा काचऱ्यांसाठी चिरलात तर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, सकाळी निथळून पुसून फोडणीत. वांगं मात्र रात्री चिरूच नका. चिरलेला कांदा ठेवायचाच असेल तर घट्ट डब्यात, नाहीतर फ्रीजमधल्या दुधालासुद्धा वास लागतो.

मटकीची उसळ सोमवारी हवी असेल तर काम शनिवारी रात्री सुरू होतं. आठ-दहा तास भिजवायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, रात्रीपर्यंत मोड येतात. मग फ्रीजमध्ये. थंडीत मोडांना जास्त वेळ लागतो, बांधलेलं फडकं कोमट जागी ठेवा. वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या मोडाची मटकी होते, दोन वाट्या भिजवली तर डबेही भरतात आणि रात्रीच्या जेवणालाही पुरते. कोबीत घालायची मूठभर हरभराडाळ रात्री पाण्यात टाकायची विसरू नका. हीच गोष्ट सकाळी आठवते आणि मग डाळ कचकचीत राहते.

रविवारी एकदाच बसून सहा दिवसांच्या भाज्या कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावा. रोज रात्री ‘उद्या काय?’ यात जो वेळ आणि डोकं जातं, ते चिरण्यापेक्षा जास्त थकवतं. त्याच दिवशी अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून जाडसर कूट करून ठेवा. गरम दाणे फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. आलं-लसणाचं वाटण थोडं मीठ आणि तेल घालून केलं की फ्रीजमध्ये आठवडा निघतो. आणि कागदावर उपास पण लिहा. संकष्टी, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार. साबुदाणा रात्री भिजवावा लागतो. धुऊन, जेमतेम वर येईल एवढंच पाणी ठेवायचं. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी घरच्यांसाठी नाश्त्याला करा, डब्यात मात्र देऊ नका. गार झाली की तिचा गोळा होतो. डब्याला वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी किंवा बटाट्याची कोरडी भाजी बरी.

सकाळचं घड्याळ साधारण असं बसेल. साडेपाचला गिझर चालू, कणीक बाहेर, चहाचं आधण. पावणेसहाला भाजीची फोडणी. भेंडी असेल तर झाकण ठेवायचं नाही आणि मीठ शेवटी. सहा ते साडेसहा तवा. या अर्ध्या तासात भाजी शेजारच्या शेगडीवर होते, फक्त मधूनमधून हलवायची. कुकर मात्र या वेळात लावूच नका. डब्याला वरण-भात लागत नाही, आणि घरच्यांचं जेवण बाराला असेल तर कुकर साडेदहालाही चालतो.

पोळ्या तव्यावरून थेट डब्यात घालायच्या नाहीत. जाळीवर किंवा फडक्यावर पसरून पाच-सात मिनिटं वाफ जाऊ द्या. गरम पोळी डब्यात कोंडली की वाफेचं पाणी होतं, खालच्या दोन पोळ्या भिजून लिबलिबीत होतात. भाजीचंही तसंच, शिवाय एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ओलं खोबरं घातलेली गरम भाजी बंद केली तर दुपारी एकपर्यंत आंबते. त्या दिवसांत खोबरं वगळा आणि कूट घाला. कोशिंबिरीला डब्यात पाणी सुटतं ते मिठामुळे. मीठ वेगळ्या पुडीत द्या. दहीभात द्यायचा तर भात कोमट असताना एक भाग दही आणि तीन भाग दूध घाला, दुपारपर्यंत छान लागतो. नुसतं दही घातलं तर आंबट होतो.

मुलीचा डबा परत येतो असं तुम्ही लिहिलंय. आधी तिला तो उघडता येतो का ते घरी बघा. रबराचं झाकण घट्ट बसलेलं असतं, आणि आठ वर्षांच्या मुलीला बाईंकडे जायची लाज वाटते. दुसरं, सुट्टी लहान असते आणि निम्मी गप्पांत जाते. भाजी पोळीत गुंडाळून दोन तुकडे करून द्या, एका हाताने खाता येतं. तिसरं, दोन पोळ्या कदाचित जास्तच होतात. एक द्या, ती संपू द्या.

तुमची एक सवलत तुम्ही वापरत नाही आहात. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलीची व्हॅन ८:२० ला येते ती म्हणूनच असावी. तेव्हा तिला साडेसहाला उठवून सगळ्यांबरोबर रांगेत उभं करण्यात काही हशील नाही. मुलगा बसमध्ये बसल्यावर, सव्वासातला उठवा. ओट्यापुढचं एक गिऱ्हाईक कमी होतं.

न्हाणीघराचं गणितही गिझरवर ठरतं. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर गार पाण्यापासून तापायला सुमारे वीस मिनिटं घेतो, आणि त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. म्हणजे लागोपाठ दोघांच्या आंघोळी, मग वीस मिनिटं थांबायचं. आधी मुलगा आणि नवरा, मग तुम्ही आणि दीर, मग मुलगी. सासू-सासऱ्यांना घाई नसते, त्यांनी साडेआठनंतर जावं. हे एकदा बोलून ठरवा. अवघडल्यासारखं वाटेल, पण रोजच्या दारावरच्या थापांपेक्षा बरं.

सासू-सासऱ्यांची औषधं हे सकाळचं दुसरं छुपं काम. थायरॉईडची गोळी असेल तर ती नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची असते. चहा सहाला द्यायचा असेल तर गोळी साडेपाचला. ती आणि पाण्याचं भांडं रात्रीच उशाशी ठेवा. मधुमेहाची जेवणाआधीची गोळी असेल तर नाश्त्याची वेळ पुढे-मागे करू नका. वारांचे कप्पे असलेली डबी आणून रविवारी ती भरण्याचं काम दिराकडे द्या.

कामं वाटताना अख्खी वाटा, अर्धी नको. ‘जरा डबे भर’ असं सांगितलं की कुठला डबा, किती पोळ्या, चटणी कुठेय, हे सगळं तुम्हालाच विचारलं जातं आणि तव्यावरची पोळी करपते. त्यापेक्षा नाश्ता नवऱ्याचा. पोहे काढण्यापासून कढई घासायला टाकेपर्यंत सगळं त्यांचं. सात जणांना जाडे पोहे साडेचारशे ग्रॅम लागतात, भिजवून दहा मिनिटं निथळायचे, आणि मीठ-साखर पोह्यांनाच चोळून ठेवली की गुठळीत खारट लागत नाही. उपम्याचा रवा रविवारीच भाजून ठेवलेला असेल तर तोही त्यांना जमेल. वाटीभर रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी. पाण्याच्या बाटल्या मुलाकडे, रात्रीच भरून ओळीने. लसूण सोलणं, भाजी निवडणं संध्याकाळी सासऱ्यांकडे. बातम्या बघताना होतं, आणि बहुतेक आजोबांना ते आवडतंही. मुलांनी घरी आल्यावर आधी डबा दप्तरातून काढून, झाकणाचं रबर वेगळं करून धुवायचा. रबराखाली भाजीचं तेल साचतं आणि शिळा वास येतो तो तिथूनच.

रात्री मध्येच लाइट गेली, पाहुणे उशिरा उठून गेले, कणीक भिजवलेलीच नाही, असे दिवस येणारच. त्या सकाळी थालीपिठाच्या मोहात पडू नका. भाजणी तयार असली तरी एक थालीपीठ झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं घेतं आणि पुन्हा तव्याशीच अडकून बसाल. मसालेभात लावा. तीन वाट्या तांदूळ, सहा वाट्या गरम पाणी, तोंडली किंवा मटार, दोन चमचे गोडा मसाला, मीठ, दोन शिट्ट्या. वाफ जिरेपर्यंत तुमची आंघोळ होते. डब्यात भरण्याआधी परातीत पसरून गार करा, आणि सोबत काकडीचे तुकडे द्या.