गरोदरपणातील मधुमेहात रात्री कमी खाऊनही सकाळची साखर जास्त का येते? इन्सुलिन टाळता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की सातव्या महिन्यात साताऱ्याला माहेरी आला आहात, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर १५८ आली, रात्रीचे जेवण जवळजवळ सोडले तरी सकाळची उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली उतरत नाही, डॉक्टर इन्सुलिन सुरू करू म्हणतात आणि घरच्यांना ते नको आहे. मी सांगलीची. दुसऱ्या गरोदरपणात मलाही हाच मधुमेह होता आणि शेवटचे काही आठवडे मी इन्सुलिन घेतले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे प्रमाण तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. मात्र उपाशी राहण्याबद्दल मी ठामपणे सांगते की ते आज रात्रीपासूनच थांबवा.

सकाळची साखर रात्रीच्या जेवणावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती रात्रभर यकृत रक्तात किती साखर सोडते यावर असते. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे या महिन्यांत आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, आणि ज्यांचे स्वादुपिंड वाढीव इन्सुलिन पुरवू शकत नाही त्यांची साखर चढते. जेवण सोडल्याने यकृताचे हे काम थांबत नाही. उलट शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढतात आणि ते बाळासाठी चांगले नसते. म्हणून सकाळचा आकडा ही तुमच्या संयमाची परीक्षा आहे असे कृपया समजू नका. रात्री आठच्या सुमारास व्यवस्थित जेवा आणि झोपण्यापूर्वी बिनसाखरेचे कपभर दूध व थोडे फुटाणे किंवा बदाम घ्या, म्हणजे जेवण आणि सकाळ यांतील अंतर फार लांबणार नाही. काहींना एवढ्यानेही फरक पडतो, काहींना पडत नाही.

गरोदरपणात साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली साखर ठेवण्याचे लक्ष्य असते. तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, ताट उचलल्यापासून नव्हे. घरच्या ग्लुकोमीटरवर तपासताना आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा वाढतो. टोचायचे ते बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखते. वहीत आकड्याशेजारी काय आणि किती खाल्ले हेही लिहा. माझ्या वहीतून डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडली ती खाण्याचीच नोंद, कारण पोह्यांच्या आणि भडंगाच्या दिवशी साखर हमखास चढलेली दिसत होती. भडंग आम्हा सांगलीकरांना हलका वाटतो, पण चुरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळ, आणि त्यातली साखर रक्तात फार लवकर उतरते.

जेवणाबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट आहे की ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते आणि साखरेऐवजी गूळ घातला की प्रश्न मिटला. भाकरी चांगलीच आहे, परंतु तीही पिष्टमयच आहे, आणि घरची ताटभर भाकरी ही दोन-तीन फुलक्यांच्या बरोबरीची असते. गुळाने साखर जवळजवळ साखरेइतकीच वाढते. माझे दुपारचे ताट असे असे: मध्यम आकाराची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटो आणि वाटीभर दही, भात घ्यायचा तर भाकरी अर्धी. सोबत डाळ, उसळ, पिठले, अंडी किंवा मासे असे काही असले म्हणजे पिष्टमय पदार्थाची साखर सावकाश चढते. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी अशी विभागणी ठेवा. सकाळी इन्सुलिनचा प्रभाव बहुधा सर्वांत कमी असतो, म्हणून नाश्त्याला पोहे-उपम्यापेक्षा मुगाचे धिरडे किंवा दह्यासोबत लहान थालीपीठ बरे. फळ एका वेळी एकच आणि तेही चावून, रस नको. महाबळेश्वरची पाच-सहा स्ट्रॉबेरी साखर न घालता खायला हरकत नाही, पण तासगावचे बेदाणे मूठभर खाऊ नका. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपवास या काळात धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण साबुदाण्याची खिचडी, भगर आणि बटाटा हे तिन्ही पिष्टमयच आहेत. डॉक्टरांनी चालायला मनाई केली नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला, अंगणात किंवा गच्चीवर चाललात तरी पुरे; स्नायू हालले की ते रक्तातली साखर वापरतात.

एवढे करून आठवडा-दोन आठवड्यांत सकाळची साखर ९५ च्या खाली येत नसेल, तर इन्सुलिन पुढे ढकलू नका. घरच्यांना हे सांगा की आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र सहसा जात नाही. जास्त साखर मिळाली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवते, त्यामुळे बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊन प्रसूती अवघड होऊ शकते, आणि जन्मल्यावर आईकडची साखर अचानक बंद होऊन त्याची साखर खाली जाऊ शकते. एकदा घेतले की जन्मभर घ्यावे लागते ही भीती माझ्या सासूबाईंनाही होती. माझ्या बाबतीत वार पडल्यावर ते बंद झाले आणि या मधुमेहात बहुतेकींचे तसेच होते. काही जणींना डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्याही देतात. इन्सुलिन चालू असताना हातपाय थरथरणे, घाम फुटणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खा. उलट्यांमुळे अन्न टिकत नसेल किंवा बाळाची हालचाल कमी जाणवली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

डोहाळेजेवण करावे का, असेही तुम्ही विचारले आहे. अवश्य करा. ओटी भरा, फुलांची वाडी घाला, आणि पेढ्याचा एक तुकडा जेवणाच्या शेवटी खा, रिकाम्या पोटी नको. त्या दिवशी चालणे चुकवू नका.

बाळंतपणाच्या वेळी या मधुमेहाची नोंद कागदपत्रांत आहे ना हे पाहा, म्हणजे बाळाची साखर वेळच्या वेळी तपासली जाईल, आणि पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या. त्यानंतर डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांच्या धांदलीत हमखास राहून जाते ती सहा आठवड्यांची तपासणी. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला जाल त्याच सुमारास ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या, कारण हा मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ती तपासणी ठीक आली तरी पुढे दरवर्षी साखर पाहत जा, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगा.